मेक्सिको सिटीत एकच मोठे जेवण जेवायचे असेल, तर 'पुहोल'वर एवढा खर्च करावा का?

सुमेधा_क

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात ह्यूस्टनहून मेक्सिको सिटीला जाण्याचे नक्की झाले आहे. यजमानांची परिषद आहे आणि त्यांच्यामागून मी. अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असेल तर भारतीय पारपत्रावर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, हे समजल्यावर मुक्काम थोडा वाढवूनच घेतला.

आता मूळ मुद्दा. एन्रिके ओल्वेरा यांच्या 'पुहोल' या उपाहारगृहाबद्दल मी गेली काही वर्षे वाचत आले आहे. तेथे ठरावीक पदार्थांचे जेवण एकामागून एक वाढले जाते आणि त्याची किंमत, पेये न धरता, माणशी काही हजार पेसो होते. एक पेसो म्हणजे साधारण चार ते पाच रुपये धरले, तर दोघांच्या एका जेवणात आपल्याकडील एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा सहज येईल. आम्ही असा खर्च नेहमी करणारी माणसे नाही; पण आयुष्यात एकदा करावा असे मला वाटते आणि यजमानांना तसे मुळीच वाटत नाही. शिवाय ते शाकाहारी आहेत. अंडे चालते, मांस आणि मासे चालत नाहीत. मी मासे आवडीने खाते.

तेव्हा जे प्रत्यक्ष जेवून आले आहेत त्यांनी सांगावे: तेथे खरोखर काही निराळे मिळते का, की केवळ नावाचे पैसे मोजावे लागतात? आणि 'पुहोल'ऐवजी तिथल्याच 'किन्तोनिल' या दुसऱ्या उपाहारगृहाला जावे असेही काही जण सांगतात, त्याचे काय?

मॉन्टेरेवासी

सुमेधाताई, नोकरीनिमित्त मी मेक्सिकोतल्याच मॉन्टेरेला राहतो. येथे, ग्वादालाहाराला आणि केरेतारोला आपली आयटीतली मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत, आणि कोणाचेही आईवडील आले की राजधानीची एक फेरी ठरलेली असते. त्या निमित्ताने 'पुहोल'ला जेवलो आहे.

हे उपाहारगृह २००० साली पोलांको भागात सुरू झाले आणि २०१७ मध्ये त्याच भागातील टेनिसन रस्त्यावरील सध्याच्या वास्तूत हलले. ओल्वेरा यांचे शिक्षण न्यूयॉर्क राज्यातील पाकशास्त्राच्या शाळेत झालेले, त्यामुळे सुरुवातीच्या काळातील त्यांचे जेवण बरेचसे परदेशी वळणाचे होते. मका, मिरच्या, मोले (मिरच्या-मसाल्यांचे दाट वाटण), रस्त्यावरचे कणीस या गोष्टी त्यांच्या ताटात मध्यभागी आल्या त्या नंतर, हळूहळू. आज तेथे जाण्याचे कारण याच गोष्टी आहेत. फ्रेंच पद्धतीची नजाकत पाहायची असेल तर ती जगात इतरत्रही मिळते.

आत बसण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे मुख्य दालनातील ठरावीक जेवण, आणि दुसरा म्हणजे टाकोंचा (मक्याच्या पातळ पोळीत सारण घालून केलेल्या पदार्थाचा) बार, जेथे जपानी सुशीच्या धर्तीवर समोर बसवून एकेक टाको हातात दिला जातो. यजमान शाकाहारी असतील तर मुख्य दालनच घ्या आणि आरक्षण करतानाच तसे लिहून कळवा. ऐनवेळी सांगू नका. आरक्षण आठवडे आधी करावे लागते आणि क्रेडिट कार्डाचा तपशील मागतात, हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक सूचना. रात्रीऐवजी दुपारचे जेवण घ्या. तेथील लोकांचे मुख्य जेवण दुपारी दोननंतर सुरू होते आणि चार-साडेचारपर्यंत निवांत चालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत रात्रीचे जड जेवण पचत नाही, असा आमच्याकडच्या पाहुण्यांचा अनुभव आहे.

खडूस_गृहस्थ

मला हा सगळा प्रकारच कळत नाही. मे २०२४ मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनची मेक्सिकोसाठीची पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, तेव्हा 'पुहोल' आणि 'किन्तोनिल' या दोघांना दोन-दोन तारे मिळाले, हे खरे. पण त्याच यादीत सान राफाएल भागातील 'एल कालिफा दे लेओन' नावाच्या टाकोच्या दुकानालाही एक तारा मिळाला, आणि ते दुकान १९६८ पासून चालू आहे. तेथे मेज नाही, खुर्ची नाही, आरक्षण नाही. तव्यासमोर उभे राहायचे, मोजक्या प्रकारांतून एक सांगायचा, लिंबू पिळायचे, खायचे आणि मागच्या माणसाला जागा द्यायची. दोन तारे घेण्यासाठी हजारो पेसो आणि एक तारा घेण्यासाठी त्याचा किरकोळ अंश, असा हिशोब असेल तर मी दोनदा एक तारा घेईन.

फोडणी

खडूसकाका, गणित बिनचूक आहे; फक्त त्या दुकानाचा प्रसिद्ध टाको गोमांसाचा आहे आणि ताईंच्या यजमानांना तुम्ही त्याच तव्यासमोर उभे करीत आहात.

खडूस_गृहस्थ

त्यांनी लिंबू पिळावे.

फोडणी

आता गंभीरपणे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि मेक्सिकोत बऱ्यापैकी हिंडलो आहोत, म्हणून शाकाहाराबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. कारण महागड्या जागी शाकाहाराची अडचण कमी असते आणि साध्या जागी जास्त, हे पुष्कळांना आधी ठाऊक नसते.

साध्या खानावळीत 'यात मांस नाही' असे उत्तर मिळाले म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असे नव्हे. शिजवून घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, तांबड्या भातात कोंबडीचे पाणी असू शकते, आणि मोले तर बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या पाण्यातच सैल केलेला असतो. म्हणून 'सिन मान्तेका' म्हणजे चरबीशिवाय, आणि 'सिन काल्दो दे पोयो' म्हणजे कोंबडीच्या पाण्याशिवाय, हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जा. मक्याच्या तोर्तियात, म्हणजे पातळ पोळीत, चरबी नसते. उत्तरेकडच्या गव्हाच्या तोर्तियात मात्र ती बहुधा असते.

बाजारात किंवा पदपथावर काळसर निळ्या मक्याचे लांबट त्लाकोयो भाजणाऱ्या बायका दिसतील. त्यात घेवडा, वाल किंवा ताजे चीज भरलेले असते, आणि भाजून झाल्यावर वर निवडुंगाच्या पानाचे तुकडे, कांदा आणि तिखट चटणी घालतात. घेवड्याच्या सारणाविषयी तेवढे विचारून घ्यावे. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेला तोर्तिया) मिळते, वित्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीचीही मिळते. ही बुरशी ऐकायला कशीही वाटली तरी चवीला अळिंबीच्या कुळातली आहे आणि यजमानांना आवडण्याचा संभव मोठा आहे.

एक गंमत सांगते. मेक्सिको सिटीत केसादिया मागितली तर तीत चीज असेलच असे नाही. ते हवे असल्यास वेगळे सांगावे लागते. देशाच्या इतर भागांतील लोक या गोष्टीवरून राजधानीवाल्यांची यथेच्छ टर उडवतात आणि राजधानीवाले अत्यंत गंभीरपणे आपली बाजू मांडतात.

वेताळटेकडी

म्हणजे पुणेकर तेथेही आहेत तर.

चंद्रकोर

फोडणीताईंच्या प्रतिसादात मक्याच्या तोर्तियाचा विषय आला आहे, म्हणून अन्नशास्त्राची शिक्षिका या नात्याने थोडे लिहिते. तोर्तियाचे पीठ हे कोरडा मका दळून केलेले पीठ नव्हे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, धुतात, साले सुटली की ओलेच दळतात. अशा प्रक्रिया केलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. चुन्यामुळे पीठ चिकट होऊन थापता येते, कॅल्शियम वाढते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला तेव्हा ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी इटलीच्या उत्तरेकडील आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील, मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला. मेक्सिकोतील माणसे हजारो वर्षे मका खाऊनही त्या रोगापासून बरीचशी दूर राहिली.

(आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांमध्येही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केले होते. विषयांतर झाले, पण राहवले नाही.)

सांगायचे तात्पर्य इतकेच, की चांगल्या मेक्सिकन उपाहारगृहात पैसे कोठे जातात हे पाहायचे असेल तर आधी तोर्तिया नुसता, काहीही न लावता, खाऊन पाहावा. निश्तमाल रोज स्वतः करणारी जागा आणि पिशवीतले कोरडे पीठ भिजवणारी जागा यांतला फरक पहिल्या घासाला कळतो. पहिल्या प्रकारच्या तोर्तियाला मक्याचा आणि किंचित चुन्याचा वास असतो, तो घडी घातल्यावर मोडत नाही, आणि कोमालवर, म्हणजे तव्यावर, शेवटी टम्म फुगतो.

मॉन्टेरेवासी

चंद्रकोर, उत्तम माहिती. यालाच जोडून सांगतो, ओल्वेरा यांनीच कोंदेसा भागात 'मोलिनो एल पुहोल' नावाचे छोटेसे दुकान २०१८ मध्ये काढले. तेथे देशी मक्याचे निश्तमाल करून तोर्तिया विकतात आणि मक्याचे मोजके पदार्थ खायलाही मिळतात. ज्यांना मोठ्या जेवणाचा खर्च करायचा नाही, पण त्या स्वयंपाकघराचा हात कसा आहे हे पाहायचे आहे, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग आहे.

खडूस_गृहस्थ

हे आधी का नाही सांगितले?

कोकणी_मिरची

माझा प्रश्न वेगळा आहे. 'पुहोल'च्या सुप्रसिद्ध कणसाला मुंग्या लावलेल्या असतात म्हणे. ते खरे आहे का? आणि एवढे पैसे देऊन माणसे मुंग्या का खातात?

मॉन्टेरेवासी

खरे आहे. छोटी कोवळी कणसे काडीला टोचून, भाजून, धुरासह एका पोकळ दुधी भोपळ्यात ठेवून आणतात. त्यावर मेयोनीज असते आणि त्यात चिकाताना जातीच्या मुंग्यांची पूड व कॉफी घातलेली असते. भोपळ्याचे झाकण उघडले की जळक्या कणीसपानांचा वास मेजभर पसरतो. मुंगी म्हणून काही दिसत नाही. चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या आणि कोकोच्या मध्ये कोठेतरी जाते. ही मूळ कल्पना रस्त्यावरच्या मेयोनीज, चीज आणि तिखट लावलेल्या कणसाची आहे आणि चिकाताना हा वाहाका राज्यातला जिन्नस आहे. तेथे पावसाळा लागला की या पंखवाल्या मोठ्या मुंग्या वारुळातून वर्षातून थोडेच दिवस बाहेर पडतात. त्या पहाटे गोळा करायच्या, भाजायच्या आणि चटणीत वाटायच्या, अशी गावोगावची रीत आहे.

झाडीपट्टी

कोकणी_मिरची, मुंग्या खाण्यासाठी मेक्सिकोला जाण्याची आवश्यकता नाही. आमच्या गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात, शेजारच्या बस्तरमध्ये ती बाजारात विकायला असते, आणि ओडिशातील सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याकडची मुंगी आंबट असते. तुम्ही वर्णन केलेली तिकडची खमंग दिसते. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे, आणि ती मला खटकते. जोवर आदिवासी बाई पानाच्या द्रोणात हा जिन्नस विकते तोवर शहरी माणूस नाक मुरडतो, आणि तोच पांढऱ्या बशीत आला की छायाचित्र काढतो.

रानवाटा

झाडीपट्टी यांच्याशी सहमत आहे आणि त्यापुढेही जाऊन बोलतो. मेक्सिकोचे पारंपरिक खाद्य २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. त्या नामांकनात मिचोआकान प्रांताचे उदाहरण दिले होते, म्हणजे मका पेरणाऱ्या आणि तव्यापुढे बसणाऱ्या गावकऱ्यांचे. मान त्यांच्या नावे, आणि हजारो पेसोंची पावती मात्र पोलांकोत फाडली जाते. दुसरीकडे १९९४ च्या उत्तर अमेरिकी व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका देशात आला आणि देशी मका पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. ज्या देशात मका माणसाळला त्या देशाला मका आयात करावा लागतो. २०२५ मध्ये घटनेत दुरुस्ती करून जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी घालण्यात आली, ती याच अस्वस्थतेतून. या पार्श्वभूमीवर 'आम्ही देशी मका वापरतो' हे वाक्य मला भोजनपत्रिकेवर वाचताना अवघडल्यासारखे होते.

मॉन्टेरेवासी

रानवाटा, तुमचा रोष मी समजू शकतो, परंतु निष्कर्ष पटत नाही. देशी मक्याला बाजारभावापेक्षा अधिक दर देणारे गिऱ्हाईक कोण, हाही प्रश्न विचारा. रंगीत, कमी उताऱ्याचा, डोंगरउतारावरचा मका सुपरबाजारातल्या तोर्तियाच्या किमतीला परवडत नाही. तो टिकायचा असेल तर कोणीतरी त्याचे जास्त पैसे द्यायलाच हवेत. मी त्या देशात राहतो म्हणून सांगतो, पंचवीस वर्षांपूर्वी येथील श्रीमंत माणूस पाहुण्यांना फ्रेंच किंवा इटालियन जेवायला नेत असे; मोले हा घरचा किंवा बाजारातला पदार्थ होता. आज तोच माणूस अभिमानाने मोले खायला नेतो. हे काही केवळ एका माणसामुळे झाले असे नव्हे, पण ओल्वेरा आणि त्यांच्या पिढीचा त्यात वाटा आहे.

रानवाटा

श्रीमंतांचा अभिमान वाढला, एवढे मान्य. शेतकऱ्यापर्यंत त्यातले किती पोहोचले, हे तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही.

पोळपाट_लाटणे

दोघांनीही जेवून घ्यावे.

अबोली_बंगळूर

सुमेधाताईंचा 'किन्तोनिल'चा प्रश्न मागेच राहिला. आम्ही 'किन्तोनिल'ला गेलो होतो, म्हणून लिहिते.

हे उपाहारगृहही पोलांकोतच आहे. होर्हे वायेहो आणि आलेहांद्रा फ्लोरेस या दांपत्याने ते २०१२ मध्ये सुरू केले. वायेहो स्वयंपाकघर पाहतात आणि फ्लोरेस बाहेरचे सगळे. वायेहो पूर्वी 'पुहोल'च्याच स्वयंपाकघरात होते. जगातल्या पन्नास उत्कृष्ट उपाहारगृहांच्या २०२५ च्या यादीत 'किन्तोनिल' तिसरे होते, त्यामुळे 'पुहोल नाही मिळाले म्हणून किन्तोनिल' असे समजू नये.

किन्तोनिल ही तिकडची रानभाजी, राजगिऱ्याच्याच कुळातली. हे मला तेथे गेल्यावर कळले आणि फार गंमत वाटली, कारण राजगिऱ्याची पालेभाजी आमच्या घरी आठवड्याला होते. राजगिरा मूळचा त्याच भूमीतला. स्पॅनिश येण्यापूर्वी तेथे तो धार्मिक विधींतही वापरला जाई. आपण उपवासाला खातो तशी राजगिऱ्याची वडी तेथे रस्त्यावर 'आलेग्रिया' या नावाने विकत मिळते, फक्त गुळाऐवजी मध किंवा तिकडच्या गुळाचा पाक, आणि वर शेंगदाणे व भोपळ्याच्या बिया.

जेवणाबद्दल माझे मत असे आहे. 'किन्तोनिल'मध्ये पालेभाज्या, वेली, निवडुंग, हिरव्या चवी यांवर भर अधिक आहे. कीटकही असतात, पण आधी सांगितल्यास वगळतात. यजमानांना खऱ्या अर्थाने जेवल्यासारखे वाटायचे असेल तर मी 'किन्तोनिल' सुचवेन. सुमेधाताईंना मोलेचे आकर्षण असेल तर 'पुहोल'.

कोकणी_मिरची

या मोलेचे एवढे काय आहे? वाटणच ना ते?

फोडणी

वाटणच, पण त्याचा व्याप मोठा आहे. वाळवलेल्या तीन-चार जातींच्या मिरच्या, तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, दालचिनी, लवंग, टोमॅटो, जळका तोर्तिया, आणि काही प्रकारांत चॉकलेट. हे सगळे वेगवेगळे भाजून, तळून, वाटून मग तासन्‌तास आटवतात. पुएब्ला शहराचा मोले प्रसिद्ध आहे आणि तो सांता रोसा मठातील ख्रिस्ती जोगिणींनी प्रथम केला अशी दंतकथा सांगतात. वाहाकाचे सात मोले म्हणून सांगतात: काळा, तांबडा, पिवळा, हिरवा वगैरे. दालचिनी, लवंग, तीळ हे जिन्नस समुद्रापलीकडून आले, मिरच्या आणि टोमॅटो तिथले. आपल्याकडे याच्या उलट झाले.

'पुहोल'मध्ये जे वाढतात तो 'मोले माद्रे'. २०१३ च्या सुमारास सुरू केलेला मोले संपू न देता, त्यात सतत नवा मोले मिसळून, गरम करून, पुन्हा मिसळून तो चालू ठेवलेला आहे. त्याचे वय ते दिवसांत सांगतात आणि तो आकडा केव्हाच हजारांत गेला आहे. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या विरजण तुटू न देता चालवावे, तसाच हा प्रकार.

वेताळटेकडी

अन्न व औषध प्रशासनाला कळवले आहे का?

चंद्रकोर

वेताळटेकडी, थट्टा म्हणून ठीक, पण कारण सांगते. मोलेत पाण्याचा अंश कमी, तेल आणि मिरची भरपूर, आणि तो रोज पुन्हा चांगला उकळतात. घरी वाटी फ्रीजबाहेर ठेवून हा प्रयोग करू नये.

देशमुख_काका

मला बिलाबाबत सावध करावेसे वाटते. तेथील छापील किमतींत १६ टक्के कर आधीच धरलेला असतो. बक्षिसी मात्र वेगळी, साधारण दहा ते पंधरा टक्के. राजधानीतल्या एका चांगल्या उपाहारगृहात (नाव लिहीत नाही) आमच्या बिलात बक्षिसी आधीच मिळवलेली होती आणि कार्डाचे यंत्र पुढे करताना वाढप्याने पुन्हा 'किती टक्के?' म्हणून हसतमुखाने विचारले. सौ.ने 'प्रोपिना', म्हणजे बक्षिसी, हा शब्द बिलावर वाचला म्हणून वाचलो. चष्मा घालून बिल वाचण्यात काहीही कमीपणा नाही.

पेयांचेही तसेच. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन देणारी जोडणी घेतली तर जेवणाच्या किमतीची बरोबरी होते. एखादा मेस्काल (तिकडचे मद्य) घ्यावा, नाहीतर जास्वंदीचे किंवा चिंचेचे पाणी मागावे. चिंच तेथे मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून पोहोचली आणि आता घरचीच झाली आहे.

नीरजा_गोवा

मासे आवडत असतील तर सुमेधाताईंनी रोमा भागातले 'कॉन्त्रामार' सोडू नये. गाब्रिएला कामारा यांनी ते १९९८ मध्ये काढले. ट्यूना तोस्तादा (कुरकुरीत तोर्तियावर ट्यूना मासा), आणि उभा चिरून पसरलेला आख्खा मासा, अर्ध्या अंगाला तांबडे वाटण आणि अर्ध्याला हिरवे, असा निखाऱ्यावर भाजून आणतात. गोव्याच्या माणसाने दुसऱ्याच्या माशाची स्तुती सहसा करू नये, तरी करते आहे. फक्त दुपारी जा; तेव्हाच त्या जागेला रंग चढलेला असतो.

आणि सकाळी 'रोझेता'च्या बेकरीत पेरूचा रोल. एलेना रेगादास यांची ती जागा. तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत असाल तर पितरांच्या सणाचा गोड पावही दिसेल आणि रस्तोरस्ती झेंडू.

सुमेधा_क

सर्वांचे मनापासून आभार. जाऊन आलो. मध्यंतरी बराच काळ लोटला आहे, पण ज्यांनी एवढे लिहिले त्यांना वृत्तांत द्यायलाच हवा.

चंद्रकोर आणि फोडणीताईंचे ऐकून आम्ही आधी बाजारात खाल्ले आणि मग 'पुहोल'ला गेलो. हा क्रम फार महत्त्वाचा ठरला. त्लाकोयो, साधा तोर्तिया आणि बाजारातला (माझ्यापुरता) मोले चाखलेला होता, म्हणून 'पुहोल'मध्ये काय बदलले आहे ते कळू शकले. तसे न करता थेट गेलो असतो तर मला वाटते सुंदर बश्यांपलीकडे आम्हांला फारसे काही दिसले नसते.

शाकाहाराचे आरक्षणात लिहिले होते. यजमानांना प्रत्येक वेळी वेगळी बशी आली आणि ती 'यातून मासा काढला आहे' अशा स्वरूपाची नव्हती. त्यांच्या कणसाला मुंग्या नसलेले मेयोनीज होते. मी मुंग्यांचे खाल्ले. कोकणी_मिरची, खमंग होते, आणि भोपळ्यातला धूर मात्र कणसापेक्षाही जास्त लक्षात राहील.

आता मोले. मोठी पांढरी बशी, तिच्यावर जवळजवळ काळ्या मोलेचे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी तांबूस तपकिरी, ताज्या मोलेचे लहान वर्तुळ. बस. मांस नाही, भाजी नाही, वर पेरलेले काही नाही. शेजारी टोपलीत गरम तोर्तिया, प्रत्येकात ओहा सांताचे हिरवे पान आख्खे दाबून भाजलेले, बडीशेपेच्या वासाचे. पहिल्यांदा बाहेरच्या वर्तुळातला घेतला: तिखट असे वेगळे लागतच नाही, गोड असेही नाही, मनुका, धूर, कडवटपणा हे एकमेकांत इतके मुरलेले आहेत की कोणताही जिन्नस ओळखू येत नाही. मग आतला घेतला आणि त्यात सगळे जिन्नस वेगवेगळे बोलू लागले, मिरची, फळाचा आंबटपणा, तीळ. दोन्ही एकत्र केल्यावर यजमान म्हणाले, 'याला भात हवा होता.' त्यांच्या तोंडून ही पसंतीची पावती असते.

हे वाढण्याआधी मोलेत कोंबडीचे पाणी आहे का, असे मी विचारले, तेव्हा वाढप्याने आमची नोंद वाचून दाखवली आणि शाकाहारी पाहुण्यांची काळजी घेतली आहे असे सांगितले. प्रत्येकाने स्वतः विचारावे, हेच बरे.

खर्चाबद्दल. रानवाटा यांचा मुद्दा माझ्या मनातून जेवतानाही गेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही. पण मला विचाराल तर एकदा करण्यासारखा खर्च आहे, आणि तो मुख्यतः त्या एका बशीसाठी. यजमानांचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते निवडुंग घातलेला त्लाकोयो आणि 'पुहोल'चे जेवण यांत आनंदाचा फरक आहे, पण किमतीतला फरक त्याहून पुष्कळ मोठा आहे. आमचे यावर एकमत झालेले नाही आणि होण्याची चिन्हे नाहीत.

खडूस_गृहस्थ

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. सूज्ञ मनुष्य आहे.

अबोली_बंगळूर

छान लिहिलेत ताई. शेवटी गोड काय होते? आमच्या वेळी 'किन्तोनिल'ला निवडुंगाचे सरबत गोठवून दिले होते.

सुमेधा_क

चुरो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या. गरम, साखर-दालचिनीत घोळवलेले. यजमानांनी माझ्या वाट्याचेही संपवले.

मॉन्टेरेवासी

वृत्तांताबद्दल आभार. पुढे वाचणाऱ्यांसाठी एवढी भर घालतो, की 'पुहोल' रविवारी बंद असते. पुष्कळ पर्यटक नेमका तोच दिवस मोकळा ठेवतात. त्या दिवशी चापुल्तेपेकचे मानववंशशास्त्र संग्रहालय पाहा. ते पोलांकोच्या अगदी लगत आहे.

झाडीपट्टी

मी फेब्रुवारीत वाहाकाला जातो आहे. चिकाताना त्या काळात मिळतील का?

मॉन्टेरेवासी

ताज्या मिळणार नाहीत, त्या पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. पण बाजारात भाजून वाळवलेल्या विचारा, आणि नाकतोडे तर बाराही महिने ढिगाने असतात. वाहाकाचा वेगळा धागा काढा, तेथे सविस्तर लिहितो.